साठ प्रश्न आणि एक मिनिट

आधी तो चहाचा घोट गिळा. गिळलात? मग ऐका. हा प्रकार ऐकताना माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता, म्हणून काळजी घेतोय. वेंधळे लोक तुम्ही पुष्कळ पाहिले असतील, पण माझ्याएवढा पाहिला असेल तर चहाचे पैसे मी देतो!

नाशिकच्या कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. बावीस वर्षं झाली. लोकांचे दावे, अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करता करता किती वकिलांच्या चुका मी गपचूप दुरुस्त केल्या असतील, विचारू नका. गेल्या वर्षी एका नव्या वकिलाला सांगायला गेलो, "साहेब, इथं वादीच्या जागी प्रतिवादी पडलंय." साहेब माझ्या मुलीच्या वयाचे. मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "काका, तुम्ही फक्त टाइप करा."

डोक्यात अशी तिडीक गेली! त्याच संध्याकाळी घरी जाहीर केलं, "मी वकील होणार."

बायको, वंदना, मेथी निवडत होती. "अहो, सत्तेचाळीस वय आहे तुमचं."

"कायद्याच्या कॉलेजला वयाची अट नाही. मी वाचलंय."

"गुडघ्यांना आहे," ती म्हणाली आणि पुन्हा मेथीत शिरली.

पण आमची सायली एकदम खूश झाली. ती फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रवेश परीक्षा या विषयात तिचा हात कोणी धरू शकणार नाही. सात-आठ तरी दिल्यात तिने. तिने मला ताब्यातच घेतलं.

"पप्पा, अभ्यास राहू दे, आधी वेळेचं बघा. एकशेवीस प्रश्न, दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. अडलात की पुढे जायचं. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न मोकळा सोडायचा नाही. आणि थकवा आला तर डोळे मिटून दहा लांब श्वास. दहाच हं!"

तीन महिने अभ्यास केला हो मी! टेबलासमोर पक्षकार ताटकळतायत आणि मी आपला मूलभूत हक्क पाठ करतोय.

परीक्षा मे महिन्यातली, दुपारी दोनची. आदल्या रात्री झोपेचा पत्ता नाही. सकाळी चारला उठून बसलो. आणि वंदनाने, नवरा शुभकार्याला निघालाय म्हणून, काय केलं असेल? आमरस-पुरी! मीही हात आखडता घेतला नाही. तीन वाट्या रस आणि पुऱ्या किती, ते मोजायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

केंद्र आडगावच्या पुढे. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत पाऊल टाकलं तर असा गारेगार एसी! खुर्चीही मऊ. तुम्हीच सांगा, पोटात आमरस, डोक्यावर एसी आणि समोर भारतीय संविधान. माणूस किती तग धरणार?

तरीही सुरुवात झकास झाली. स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन तासांचं उलटं घड्याळ सुरू झालं आणि मी चाळीस मिनिटांत साठ प्रश्न उडवले. निम्मा पेपर! वीस मिनिटं शिल्लक टाकून! बसल्या जागी मला काळा कोट चढल्यासारखं वाटलं. म्हटलं, आता हक्काने दहा श्वास घेऊ. चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोळे मिटले. एक... दोन... तीन...

चौथा श्वास मला आठवत नाही.

"काका! ओ काका! बरं वाटतंय ना?"

पर्यवेक्षक बाई माझा खांदा हलवत होत्या. दचकून उठलो. आपण कुठे आहोत, हेच कळेना. मग स्क्रीन दिसली, आणि चष्म्याशिवाय कोपऱ्यात अंधुक आकडे दिसले. शून्य एक, शून्य सात. आणि त्याच्या पुढे काहीतरी भराभर पळत होतं.

एक मिनिट, सात सेकंद!

आई गं! म्हणजे मी तासाच्या वर झोपलो? आणि साठ प्रश्न तसेच मोकळे? सायलीचा आवाज कानात घुमला, एकही प्रश्न मोकळा सोडायचा नाही. वाचायला वेळ कुठे होता! माउस पकडला आणि सुरू केलं. सी, पुढे. सी, पुढे. सी, पुढे. बावीस वर्षांची टायपिंगची बोटं ती, मशीनगनसारखी चालली. शेजारची मुलगी वळून बघायला लागली. बघू दे! एकशेविसावा सी मारला. आता हे सगळं जमा झालं नाही तर काय, म्हणून 'सबमिट' दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की? हो. पुन्हा विचारलं, अगदी नक्की? अरे हो ना बाबा, वेळ कुठाय!

स्क्रीनवर 'धन्यवाद' उमटलं.

हुश्श करून मी चष्मा लावला आणि सहज शेजारच्या मुलीच्या घड्याळाकडे नजर गेली. शून्य एक, शून्य पाच, आणि पुढे एकेक करून उतरणारे सेकंद.

तास, मिनिट, सेकंद.

एक मिनिट सात सेकंद नव्हे हो! एक तास सात मिनिटं! मी झोपलो होतो फक्त तेरा मिनिटं!

बाईंना बोलावलं. "मॅडम, हे परत उघडता येईल का?"

"नाही काका, सबमिट झालं. आणि वेळ संपेपर्यंत बाहेरही जाता येणार नाही. शांत बसून राहा."

शांत! पुढचा तास आणि पाच मिनिटं मी हाताची घडी घालून समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. रडू येत होतं, पण सत्तेचाळिसाव्या वर्षी एसीत बसून रडायचं कसं, हे सायलीने शिकवलं नव्हतं. बावीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसाला घड्याळ वाचता येऊ नये?

फाटकाबाहेर वंदना आणि सायली छत्री धरून उभ्या होत्या. म्हटलं, खरं ते सांगून टाकू. तोंड उघडणार, तेवढ्यात ती शेजारची मुलगी धावत आली.

"काका, तुम्ही ग्रेट आहात! तासभर आधी पेपर संपवून नुसते बसून होतात. काय तो चेहरा! एकदम शांत! मला तर तुम्हाला बघून टेन्शनच आलं."

"पप्पा!" सायली किंचाळली. "तासभर आधी?"

वंदनाकडे पाहिलं. लग्नाच्या पंचवीस वर्षांत या बाईने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांत चक्क पाणी! आता तुम्ही माझ्या जागी असता तर काय बोलला असता?

मी म्हणालो, "हं."

या एका 'हं'ने माझं वाटोळं केलं. स्कूटरपाशी पोहोचेपर्यंत वंदनाचा वणीच्या भावाला फोन लागला होता. तिकडून तो ओरडतोय, "दाजी, लय भारी! गावात पेढे वाटतो!" सायखेड्याहून आईचा फोन, "माझं लेकरू पहिल्यापासून हुशार हाय. मास्तरलाच कळत नव्हतं." दुसऱ्या दिवशी कोर्टात तो नवा वकीलही टेबलाजवळ थांबला. "काका, ऐकलं मी. मानलं तुम्हाला." आणि समोरची खुर्ची सरकवून बसला! बावीस वर्षांत पहिल्यांदा एक वकील माझ्यापुढे पक्षकारासारखा बसला होता. खोटं कबूल करायची ती वेळ होती का, सांगा!

रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज कोणीतरी अभिनंदन करायचं.

मग देवरे सरांचा फोन आला. गंगापूर रोडला त्यांचा प्रवेश परीक्षांचा क्लास आहे, सायली तिथलीच. "तुम्ही आमच्या मुलांना मार्गदर्शन करायचं. विषय, परीक्षेतलं वेळेचं नियोजन."

"अहो सर, मी काय सांगणार! माझं नियोजन काही खास नव्हतं."

"बघा, हा नम्रपणा!" सर म्हणाले. "शनिवारी चारला."

शनिवारी गेलो. साठ-सत्तर मुलं, पुढे सायली आणि वंदना. वंदना पैठणी नेसून! मी मनाशी ठरवलं होतं, फसवणूक झाली तेवढी पुरे, तोंडाने एक अक्षर खोटं बोलायचं नाही. झोप पुरी घ्या, जड जेवू नका, घड्याळ नीट बघा, असं सगळं मनापासून सांगितलं. मुलं लिहून घेत होती.

एका मुलीने हात वर केला. "सर, पहिल्या साठ प्रश्नांना किती वेळ दिलात?"

"चाळीस मिनिटं."

"आणि पुढच्या साठांना?"

खोटं बोलायचं नव्हतं ना! म्हणालो, "एक मिनिट. फार तर दीड."

टाळ्यांचा कडकडाट! देवरे सर उभे राहिले. "ऐकलंत? याला म्हणतात एकाग्रता! आणि मुलांनो, योग बघा, आजच उत्तरपत्रिका ऑनलाइन आल्यात. सायली, पप्पांची लाव पडद्यावर."

"नको!" मी ओरडलो. पण पासवर्ड तिच्याकडेच होता.

पडदा उजळला. पहिला प्रश्न ए, दुसरा डी, तिसरा बी, आणि प्रत्येकापुढे बरोबर उत्तरही. सायली खाली खाली सरकवत गेली. एकसष्ट सी. बासष्ट सी. त्रेसष्ट सी. ऐंशी सी. शंभर सी. तो सी संपेचना!

"सर," तीच मुलगी हळूच म्हणाली, "हे सगळे सीच कसे?"

मग सांगून टाकलं सगळं. आमरसापासून भिंतीपर्यंत. मागच्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि अख्खा वर्ग फुटला. देवरे सर टेबलावर डोकं ठेवून हसत होते. वंदनाने पैठणीचा पदर तोंडावर घेतला होता. ती रडतेय की हसतेय, ते आजतागायत मला कळलेलं नाही.

एकटी सायली हसत नव्हती. ती पडद्याकडे बघत बोटांवर काहीतरी मोजत होती. तिचा चेहरा पांढरा पडत चालला.

"पप्पा," ती म्हणाली, "चाळीस मिनिटं विचार करून सोडवलेल्या साठांत चौदा बरोबर आलेत."

"बरं."

"आणि न वाचता मारलेल्या साठांत एकोणीस."

वर्गातलं हसू एकदम थांबलं. पाच मार्क जास्त! तीन महिने पहाटे उठून, पक्षकारांच्या शिव्या खाऊन मी नेमकं काय पाठ केलं होतं?

प्रवेश अर्थातच मिळाला नाही. पण खचलो नाही मी, यंदा पुन्हा फॉर्म भरलाय. सायलीने नवीन वेळापत्रक करून भिंतीवर लावलंय. त्यात मी एकच दुरुस्ती सुचवली आणि तिला ती लगेच पटली.

या वेळी अभ्यास जरा कमी करायचा.