बेरी न आलेलं तूप

आई दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडमध्ये, ड्रोहेडाला आली होती. तिसऱ्या आठवड्यात तिने तूप कढवायला घेतलं. पाऊण तास झाला तरी बेरी बसली नाही. आधी पाणी तडतडलं, मग पातेल्यात नुसतं पिवळं तेल उरलं. कढत्या तुपाचा वास घरभर पसरतो, तसा काही पसरला नाही. तिने शेगडी बंद केली आणि म्हणाली, "माझं नाक गेलं बघ."

हे ती सहज म्हणाली नव्हती. वर्षभरात पुण्यात तिच्या हातून दोनदा दूध करपलं होतं आणि शेजारीण येऊन सांगेपर्यंत तिला कळलं नव्हतं. डॉक्टरांनी तेव्हा वासाबद्दल आणि विसरण्याबद्दल बरेच प्रश्न विचारले होते.

मी फ्रीज उघडला. तिने ज्या टबमधलं लोणी घेतलं होतं, त्यावर हिरव्या शेताचं चित्र होतं आणि खाली बारीक अक्षरांत वनस्पती तेलांची यादी. नवऱ्याने लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपांच्या कारखान्यातून परतताना तो आणला होता. फोनवर तो म्हणाला, दुकानात बटरच्याच कप्प्यात होता.

बरीच वर्षं वर्तमानपत्रात बातम्यांच्या टेबलावर काम केल्यामुळे खात्री झाल्याशिवाय काही सांगायचं नाही, ही सवय आहे. मी त्या कंपनीचा इतिहास वाचायला घेतला. सुरुवात सोपी होती. हॉलंडमधलं एक व्यापारी घराणं शेतकऱ्यांचं लोणी इंग्लंडला विकायचं. लोणी पुरेना, म्हणून त्यांनी एका फ्रेंच रसायनतज्ज्ञाची नकली लोण्याची, म्हणजे मार्जरीनची कृती घेतली: गुरांची चरबी आणि दूध. त्यांच्याच गावातलं दुसरं घराणंही तेच करू लागलं. आधी दोघांत स्पर्धा, मग भागीदारी. मग त्यांना इंग्लंडचे साबणवाले येऊन मिळाले. चरबीच्या जागी तेलं आली. हिंदुस्थानात वनस्पती तूप गेलं तेही याच मंडळींकडून, असं एका ठिकाणी होतं. ते तूप आईने आयुष्यभर घरात येऊ दिलं नव्हतं. अलीकडे मार्जरीनचा धंदा वेगळा काढून विकला गेला. म्हणजे टबवरचं नाव आज कुणाचं, हे दोन तास वाचूनही मला एका वाक्यात लिहिता आलं नसतं. पातेल्यातल्या पदार्थाला काय म्हणायचं, तेही नाही.

आईला मी एवढंच सांगितलं की ते लोणी नव्हतं, तेलापासून केलेलं होतं. इतिहासातली गुरांच्या चरबीची गोष्ट सांगितली नाही.

ती हसली. "जावईबापू एवढ्या चिपा बनवतात, आणि लोणी ओळखू येत नाही." मग थांबून तिने विचारलं, "म्हणजे नाक ठीक आहे ना माझं?"

मी ठीक आहे म्हणाले. याची खात्री मी केलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन बिनमिठाचं आयरिश बटर आणलं. त्यात साय विरजून लोणी काढल्याचा आंबूसपणा नाही, पण बेरी बसते. तिने ते पातेल्यात घातलं आणि मला हाक मारली.

"आला बघ वास. बेरीचा."

मी वाकून पाहिलं. बटरचा तुकडा अजून पुरता वितळलाही नव्हता. वास कसलाच नव्हता, की मलाच येत नव्हता, हे त्या क्षणी मला ठरवता येईना.

"आला ना?"

"हो," मी म्हणाले.

बेरी बसायला आणखी वीस मिनिटं लागली. तोवर मी शेगडीपाशी उभी होते. बाहेरच्या खोलीत आई जावयाला सांगत होती की आता काही काळजी नाही.