थ्री-एटी-सिक्सचा मंगळ

माझ्या थोरल्या भावाला आम्ही दादा म्हणतो. दादाला आणि त्याच्या भागीदाराला भांडायला एकच विषय पुरायचा, आणि तो म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोसेसर. बांधावरून आणि निवडणुकीवरून भांडणारी माणसं मी ढीग पाहिली, पण बिस्किटाएवढ्या चिपवरून चहा गार होईस्तोवर भांडणारी ही दोनच. तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. जुन्या जालन्यात, धान्याच्या आडतीच्या गल्लीत, एका भुसार दुकानाच्या माडीवर आमचं दुकान होतं. लग्नपत्रिका, शाळांचे पेपर आणि कॉम्प्युटरवरची कुंडली, एवढं आम्ही करायचो. टायपिंग माझ्याकडे. बारावीनंतर पोरगी घरी बसून काय करणार म्हणून दादानं मला मशीनवर बसवलं ते मेहरबानी केल्यासारखं, पण महिन्याभरात माझ्याशिवाय दोघांचं पान हलेना.

मशीन दोन होती. थ्री-एटी-सिक्स दादाचं. औरंगाबादेत कुठल्याशा ऑफिसानं भंगारात काढलेलं त्यानं उचलून आणलं आणि उभं केलं. फोर-एटी-सिक्स भागीदाराचं, ते त्यानं जवळजवळ नवं घेतलं होतं. कानामागून आली नि तिखट झाली, असं दादा त्याच्याविषयी म्हणायचा. भागीदार म्हणायचा, जुनं ते सोनं हे सोनाराला सांगा, कॉम्प्युटरवाल्याला नका सांगू.

जुनं मशीन चालू ठेवणं म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं करण्यासारखंच होतं. खाली दिवसभर धान्याची पोती हलायची, त्याची धूळ जिन्यावरून वर यायची आणि सरळ मशीनच्या पोटात जाऊन बसायची. चपला दाराबाहेर काढायचा नियम होता, आमदार आला तरी. सकाळी मशीन सुरू झालं नाही की दादा डबा उघडून मेमरीच्या पट्ट्या काढायचा, त्यांच्या पितळी रंगाच्या कडा शाळेतल्या खोडरबरानं घासायचा आणि परत बसवायचा. दहातल्या आठ वेळा मशीन चालू व्हायचं. पंखा किरकिरायला लागला की शिलाई मशीनचं तेल. फ्लॉपी वाचली जाईना की काडीला कापूस गुंडाळून स्पिरिट. लाइन गेली की बोंबाबोंब, कारण टाइप केलेलं सगळं पाण्यात. ते काही नाही, मी दर चार ओळींना सेव्ह करायची सवयच लावून घेतली. खंडेनवमीला कीबोर्डला हळदकुंकू लागायचं, आणि पुढं आठवडाभर माझी बोटं पिवळी.

आता त्यांचं भांडण. थ्री-एटी-सिक्समध्ये मुख्य चिप एक, आणि अवघड गणितं करायला शेजारी दुसरी वेगळी चिप. फोर-एटी-सिक्समध्ये ती दोन्ही कामं एकाच चिपच्या पोटात, शिवाय सारखी लागणारी माहिती हाताशी ठेवायला थोडी मेमरीही तिथंच. झालं. यावर रोज पारायण.

"हिशेबाचा मानूस येगळाच पाहिजे," दादा म्हणायचा. "मालकानंच माल तोलायचा आन मालकानंच गल्ल्यावर बसायचं, मंग चूक होनार न्हाई तर काय? दिवाणजी कशाला ठेवतेत लोकं?"

"आन त्या दिवाणजीला हाक मारून बोलावण्यातच अर्धा दिवस जातो, त्याचं काय?" भागीदार म्हणायचा. "माझ्याकडं दोघं एकाच घरात. इकडून ईचारलं की तिकडून उत्तर. वरून घरातच फडताळ दिलंय. लागनारी चीज जवळच. तुझ्यावाला दर बारीला बाजारात जाऊन राह्यला."

"एका घरात दोन कारभारी असले की घर फुटतंय."

"तुझ्या घरात कधी फुटलं?"

"माझ्या घरात कारभारी एकच हाय, आन ती माझी बायको हाय."

ह्यावर दोघंही हसायचे. मग खालून चहा मागवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. गिऱ्हाइकं बिचारी बाकड्यावर बसून इकडं बघ, तिकडं बघ करायची. मला सुरुवातीला वैताग यायचा. मग माझंही मत बनलं, की गणितात फोर-एटी-सिक्स जल्दी आहे, पण भरवशाचं थ्री-एटी-सिक्सच. हे मी बोलून दाखवलं नाही. दोघांच्या मध्ये बोलणं म्हणजे चालत्या चक्कीत हात घालणं.

कुंडलीचं मात्र उलटं व्हायचं. फोर-एटी-सिक्सवर बटण दाबलं की कुंडली हजर. थ्री-एटी-सिक्स थोडा वेळ घ्यायचं, मॉनिटरवर नुसता ठिपका लुकलुकायचा. आणि लोकांचा भरवसा त्या हळू मशीनवर. एक म्हातारबुवा तर म्हणाले, "त्या दुसऱ्यानं ईचार न करताच सांगतलं. ह्यानं कसं, बसून ईचार केला." दादानं हे वाक्य भागीदाराला निदान महिनाभर ऐकवलं.

त्याच सुमारास घनसावंगीकडचा एक मास्तर आमच्याकडं परीक्षेचे पेपर टाइप करून घ्यायला यायला लागला. गाव त्याचं जांब समर्थच्या जवळचं. बाकीची माणसं काम सांगताना दादाकडं बघून सांगायची, मग ते माझ्याकडं यायचं. हा मास्तर सरळ माझ्याकडं बघून सांगायचा. एकदा त्यानं मला विचारलं, "हे आत चालतं कसं, मला समजून सांगता का?" त्या दोघांना सोडून मला विचारलं. मी सांगितलं, दिवाणजी, फडताळ, सगळं. तो ऐकत बसला, मध्ये तोंड घातलं नाही. मला तो आवडला. इतकंच होतं ते, पण माझ्यासाठी खूप होतं.

पुढं त्याच्याच घरून, आमच्या मामाच्या ओळखीतून, मला मागणी आली. मला बघायला आले, पोहे झाले, सगळ्यांना पसंत. फक्त मुलाच्या आईची एकच अट, मुलीला मंगळ नको. त्या बाईच्या धाकट्या बहिणीचं लग्न कुंडली न बघता झालेलं, आणि वर्षाच्या आत नवरा गेला. त्या बाईचं भय मला कळत होतं. त्याला अडाणीपणा म्हणणारी शहाणी माणसं मला कधी आवडली नाहीत.

आमच्या दुकानात गावाच्या कुंडल्या निघायच्या, माझीच काढलेली नव्हती. लोहाराच्या घरी विळा नाही, तसं. मामा म्हणाले, काढा. दादानं त्याच्या मशीनवर काढली. भागीदारानं, आता आपलंही मशीन बघाच म्हणून, त्याच्यावर काढली. दोन्ही कागद मामांनी न बघता पिशवीत घातले आणि मुलाकडं नेऊन दिले.

चार दिवसांनी मामा तोंड पाडून आले. फोर-एटी-सिक्सच्या कागदात मंगळ नवव्या घरात होता, म्हणजे काही दोष नाही. थ्री-एटी-सिक्सच्या कागदात आठव्या घरात, म्हणजे पोरगी मंगळाची. मुलाच्या आईनं निरोप धाडला होता, की खरं कोणतं ते मी स्वतः येऊन विचारणार.

इतकी वर्षं माझ्या कानाशी चाललेलं भांडण असं माझ्या गळ्याशी येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. घरात आई, वहिनी, सगळ्या प्रोसेसरवर बोलायला लागल्या. वहिनीनं मला स्वयंपाक करता करता विचारलं, "दोन चिपवालं खरं का एक चिपवालं?" मी ताट आपटलं. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि हे दोघं दुकानात पुन्हा तेच. दादा म्हणे दशांशाचा आकडा तोडताना तुझं मशीन घाई करतं. भागीदार म्हणे तुझ्या चिपला म्हातारपण आलंय. मला दोघांच्याही डोक्यात स्टूल घालावंसं वाटत होतं.

शेवटी मीच दोन्ही मशीनवर माझी कुंडली पुन्हा लावली आणि एकेक रकाना ताडून बघितला. प्रोसेसरचा काही संबंध नव्हता. कुंडलीच्या प्रोग्रामात मोठी शहरं तेवढी होती. भागीदाराच्या मशीनवर जन्मगाव म्हणून औरंगाबाद लागलेलं होतं, तो सगळ्यांना तेच लावायचा. माझा जन्म आजोळी, शहागडचा. दादानं आपल्या मशीनवर अंबड, परतूर, शहागड अशी गावं, त्यांचे अक्षांश-रेखांश नकाशावरून मोजून, हातानं घातली होती. तेवढ्या फरकानं लग्नरास पुढं सरकली आणि मंगळ आठव्यात पडला. मी दोघांना दाखवलं. भागीदार म्हणाला, "आयला." दादाचं मशीन बरोबर होतं, आणि त्याच्या बरोबर असण्यानंच माझं लग्न मोडणार होतं.

त्या रात्री जेवताना दादानं आईला विचारलं, "हिच्या जन्माची येळ पक्की हाय का?"

"पक्की म्हंजे काय? साडेपाच. बाहेर सडकंवर यष्टीचा हारन वाजला. तुझी आजी म्हनली, साडेपाचची गाडी आली. तेच लिवलं."

"यष्टी येळेवर आल्ती का पन?"

"यष्टी कधी येळेवर येती का?" आई म्हणाली. "पन त्या दिवशी आली आसल."

दादाला हसू फुटलं. दशांश चिन्हाच्या पुढं किती आकडे खरे, यावर दोघांनी इतकी वर्षं घसा कोरडा केला, आणि मूळ वेळ एका यष्टीच्या ड्रायव्हरच्या हातात. पण हे मुलाच्या आईला सांगून चालणार नव्हतं. वेळच पक्की नाही म्हटलं की कुंडलीच गेली, आणि कुंडली नसलेली मुलगी ती घेणार नव्हती. दादाचं हसणं तिथंच थांबलं.

ती बाई बुधवारी आली, मामा आणि मुलगा बरोबर. दाराशी चपला काढल्या, पदर सारखा केला आणि खुर्चीवर बसून दोन्ही कागद टेबलावर ठेवले. मी कीबोर्डपुढं बसलेली. उठावं का बसावं कळेना. मुलगा जिन्यापाशीच उभा राहिला होता, त्याची नजर फरशीवर.

"मला मशीनमधलं काई कळत न्हाई," ती म्हणाली. "दोन्ही तुमचेच कागद. खरं कोंतं, तेवढं सांगा."

भागीदारानं दादाकडं पाहिलं. एरवी ह्या प्रश्नासाठी त्यानं गल्लीला पेढे वाटले असते.

दादा म्हणाला, "मावशी, हे नवीन मशीनवरचं खरं. जुनं माझं मशीन हाय. थकलंय. गनितात चुकतं."

"तुमचंच मशीन ना? तुमीच म्हनता चुकतं?"

"माझंच हाय म्हून तर म्हनतो."

"मंग ठेवलं कशाला?"

"लग्नपत्रिका छापतो त्याच्यावर. तिथं गनित लागत न्हाई."

तिनं भागीदाराकडं पाहिलं. "तुमी काय म्हनता?"

"त्यांचं मशीन, त्यांनाच ठावं," भागीदार म्हणाला.

बाईनं थ्री-एटी-सिक्सवाला कागद दादापुढं सरकवला, नव्या मशीनचा घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला. "मंग येत्या महिन्यात धरू," म्हणाली. मुलानं तेव्हा मान वर केली.

लग्न झालं. नवरा ठणठणीत आहे, साठीकडं झुकलाय, आणि मी हे लिहितेय तर शेजारच्या खोलीत घोरतोय. सासू माझी नव्वदीच्या घरात पोचलीय. बिचारी मला कधी उणं बोलली नाही. पण दुकानाचं वेगळं झालं. माडीवरची गोष्ट गल्लीत जायला कितीसा वेळ लागतो? कुंडली काढायला येणारी माणसं जिना चढतानाच म्हणायला लागली, "त्या जुन्यावर नको हं, ते चुकतं." दादा मान हलवायचा आणि भागीदाराच्या मशीनकडं बोट दाखवायचा. दोघांचं प्रोसेसरवरचं भांडणही बंद पडलं. भागीदारानं एक-दोनदा मुद्दाम काडी टाकून पाहिली, दादा बोलला नाही, मग त्यानंही सोडून दिलं. माहेरी आले की मला तो शांत चहा पाहवत नसे.

पण ते सगळं पुढचं. त्या बुधवारी माणसं जिना उतरून गेली, भागीदार चहा सांगायला म्हणून खाली गेला तो बराच वेळ वर आलाच नाही. माडीवर मी आणि दादा दोघंच. तो माझ्याकडं पाठ करून उभा होता.

"दादा," मी म्हणाले, "मशीन चुकतं?"

"न्हाई," तो म्हणाला. "बिलकुल बराबर हाय. तसलं मशीन आख्ख्या जालन्यात दुसरं न्हाई."

"मंग असं कामून सांगतलं?"

तो वळला. "तुला तिथं नांदायचंय ना?"

मागणी आल्यापासून घरात सगळ्यांनी सगळं विचारलं होतं, उंची, शिक्षण, देणंघेणं, मंगळ. हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना.