पथारीवर गुरूचं वादळ

मागच्या मार्गशीर्षात मला गुरू ग्रहाचं वेड लागलं होतं, म्हणजे इतकं की ऐकणारं कुणी दिसलं की मी सुरूच व्हायचे. आमची मिरची तेव्हा नंदुरबारला पथारीवर होती. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान, ओली लाल मिरची तिथे पसरून उन्हात वाळवायची. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या वर्षी ओली मिरची न विकता सगळी स्वतःच वाळवायची ठरवली होती. सगळी. कोरीटला, आमच्या गावी, शेतात मागे काहीच ठेवलं नव्हतं.

देठ खुडायला एक मावशी यायची. तिला मी सांगत होते, की मावशी, गुरू जवळपास सरळ उभा राहून फिरतो, त्यामुळे तिथे उन्हाळा-हिवाळा असलं काही नाहीच, आणि एक लाल वादळ आहे, आपली अख्खी पृथ्वी मावेल एवढं, ते दीडशे वर्षांच्या वर फिरतंय, कारण खाली जमीनच नाही, मग मोडणार कशावर?

"जमीन नही शे? मंग तठे मिरची कोठे वाळत घालतस?"

"तिथे कोणी राहत नाही, मावशी."

"मंग तुले कसानी काळजी? हात चालाव."

मी हसले, आणि तेवढ्यात मावशीने मान वर केली. "कोनीच खोकी नही ऱ्हायनं," ती म्हणाली. पथारीवर दिवसभर ठसक्याने सगळे खोकत असतात. हवा ओली झाली की मिरचीची धूळ खाली बसते आणि खोकला थांबतो. खरंच थांबला होता. गुजरातकडून ढग येऊन उभे होते आणि वारा अजिबात नव्हता.

आम्ही धावलो, मिरचीचे ढीग केले, ताडपत्र्या टाकल्या. थेंब पडायच्या आत सगळं झाकलं. मला वाटलं, सुटलो.

पण ढग गेलेच नाहीत. थोडं बरसायचे, थांबायचे, तिथेच उभे. दुसऱ्या दिवशी मी ताडपत्रीखाली हात घातला तर आत गरम लागलं, ताप आलेल्या अंगासारखं. उघडी टाकली तर भिजणार, झाकून ठेवली तर आतल्या आत सडणार. फोनवरचा अंदाज तासातासाला बदलत होता. मावशीला युरेनसचं सांगायचं राहिलं होतं, तिथे एकेक हिवाळा एकवीस वर्षांचा असतो. मी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी आबा ढिगाजवळ उभे होते. "तुले आभायनं समजस ना," ते म्हणाले. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. "उघाडू का?"

मला शनीवरच्या वाऱ्याचा वेग पाठ होता. हा ढग कधी जाईल, ते माहीत नव्हतं.

"उघडा," मी म्हणाले.

आबांनी ताडपत्रीचं टोक उचललं. वाफ आली, आणि आंबूस वास. वरची मिरची लालच होती. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घालून मूठभर काढली. तिच्यावर पांढरं, कापसासारखं दाट उगवलं होतं. आबांनी दुसऱ्या ढिगाकडे पाहिलं, मग तिसऱ्याकडे. मग ताडपत्री परत खाली सोडली आणि कडेला एकेक दगड नीट ठेवला, आत अजून काही वाचवायचं असल्यासारखा.