एका ताऱ्याची सोनिका

गोंदियाच्या आमच्या बी.एड. कॉलेजात ‘शैक्षणिक ॲपचे मूल्यमापन’ असा पन्नास गुणांचा प्रकल्प असतो. करायची रीत सोपी आहे. ॲपच्या जाहिरातीतला मजकूर फॉर्मात उतरवायचा आणि शेवटी पाच तारे रंगवायचे. मी तर इतक्या भक्तिभावाने उतरवला की खालचं ‘आजच संपर्क साधा’सुद्धा लिहून मोकळा झालो. दुर्गेश सरांनी त्यावरही बरोबरची खूण केली.

सोनिका रहांगडाले मात्र फॉर्म वाचणाऱ्यांपैकी. कामठ्याकडची, शेतकऱ्याची पोरगी. ‘वर्गात वापरून पाहिले का?’ असा एक रकाना होता, तर ही बया खरंच वर्गात गेली. टायफॉइडमुळे तिचं एक वर्ष आधीच वाया गेलेलं. या पन्नासांत पंचवीस पडले नाहीत तर दुसरंही जाणार होतं. एवढं डोक्यावर असताना कोणीही गुपचूप तारे रंगवले असते.

सरावपाठाच्या शाळेत तिने सहावीचे आठ गट पाडून प्रत्येकाला एक टॅब दिला आणि प्रश्नमंजुषा लावली. जितकं लवकर उत्तर, तितके जास्त गुण. पहिल्याच प्रश्नाला आचलच्या गटाने उत्तर काढलं आणि चौघीही टॅबवर हात ठेवून बसल्या. दुसरा गट तसाच, तिसराही तसाच. शेवटी गुड्डूच्या गटाचा गुणाकार एकदाचा जमला, तेव्हा आठही बोटं एकदम दाबली गेली. दहाही प्रश्न असेच गेले. उत्तरं सगळी बरोबर होती. ॲपने मात्र निकाल दिला: ‘वर्ग मंद, विशेष मदतीची गरज.’

सोनिकाने आचलला विचारलं, “तू काऊन थांबून राहिली होती?”

“गुड्डूचं झालं नव्हतं ना, मॅडम. धानाच्या रोवण्यात कोणी एकटं पुढं जाऊन शेताच्या धुऱ्यावर बसते का?”

सोनिकाने हे सगळं फॉर्मात लिहिलं आणि एक तारा दिला.

दुर्गेश सर भडकले. ॲपवाल्यांनी कॉलेजला ते फुकट दिलं होतं, आणि फुकटाच्या वस्तूला सर फार जपतात. “बेटा, पाच तारे द्यायले तुझं काय जाते? नापास व्हायचं आहे का?”

“वापरून पाहिलं जी, सर. तुम्ही पण पाहा.”

सर हट्टाला पेटले. आम्हा चाळीस भावी शिक्षकांना मोबाईल काढायला लावले आणि तीच प्रश्नमंजुषा सुरू केली. आम्ही तुटून पडलो. मी तीन प्रश्न न वाचताच दाबले. पडद्यावर नावं वरखाली पळत होती, शिट्ट्या वाजत होत्या. ॲप म्हणालं, ‘उत्कृष्ट वर्ग.’ सरांनी विजयी मुद्रेने सोनिकाकडे पाहिलं.

तिने शांतपणे विचारलं, “हिमांशुचं झालं का?”

हिमांशु माझ्या शेजारीच, कोपराला कोपर लावून बसला होता. त्याचा मोबाईल पहिल्याच प्रश्नावर अडकलेला. दहा मिनिटं तो तसाच मान खाली घालून होता आणि मला पत्ता नव्हता.

सरांनी ॲप बंद केलं. सोनिकाला त्यांनी सव्वीस दिले, म्हणजे जेमतेम पास. मला बेचाळीस मिळाले. पुढच्या वर्षी मीही कुठेतरी वर्गावर उभा राहणार आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्या पोरांची काळजी वाटते.