मोरीवरून गेलेला पाइप

घर बांधायचं ठरलं तेव्हा मला फक्त एकच गोष्ट हवी होती. मोरीत नळ हवा होता आणि त्या नळाला पाणी हवं होतं. बाकी खिडक्या कुठल्या रंगाच्या, ओट्याला कसली फरशी, यात मला काडीचा रस नव्हता. सोलापुरात भाड्याच्या घरात आम्ही राहायचो तेव्हा सगळ्या बिऱ्हाडांना मिळून अंगणात एकच नळ होता. शेजारच्या हातमागवाल्यांच्या बायका तेलुगूत भांडायच्या, मी मराठीत भांडायची आणि सासूबाई कन्नडमध्ये. भांडून मिळालेलं पाणी मग जिना चढून वर न्यायचं. धाकट्याच्या बाळंतपणानंतर माझी कंबर जी धरली ती धरलीच. घागर उचलताना डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. नव्या घरात हे संपलं नाही तर आपण संपणार, असं मला खरोखरच वाटायचं.

दुष्काळ नुकताच सरला होता. शहराबाहेर माळावर आम्ही जागा घेतली होती. आमचे हे गिरणीच्या ऑफिसात कारकून. रविवारी कागद पसरून पट्टी-पेन्सिलीनं घर आखायचे. मोरी दक्षिणेच्या भिंतीला, स्वयंपाकघराला लागून. शहाबादी फरशी, उतार कोपऱ्याकडे, बंबासाठी धुराडं. नगरपालिकेची लाइन मागच्या गल्लीतून जायची, म्हणजे पाइप मोरीच्या अगदी जवळून आत येणार होता. तो कागद पाहून मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना न मागता दुसरा चहा दिला.

मग सासरे गावाकडून, मंद्रूपहून आले. शेतीपायी ते एकटेच तिकडे राहायचे, पण नवं घर म्हटल्यावर ते इकडेच मुक्काम ठोकून बसले. रोज अंघोळ करून ओलेत्यानं लिंगपूजा करणारे, कडक माणूस. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "पानी पैल्यांदा कुटं उघडतंय?"

"मोरीत," हे म्हणाले.

"मोरीत? घरात येनारं पैलं पानी मोरीत?"

झालं. दुसऱ्या दिवशी मठातल्या स्वामींना जागा दाखवायला आणलं. स्वामींनी सांगितलं, पाण्याचं तोंड ईशान्येलाच. पहिला नळ तिथं, पाण्याची टाकी तिथं, आणि मग त्या टाकीतून दुसरा पाइप परत मोरीला. मी पदर सावरून दाराआडून म्हटलं, "मामा, मोरीच्या भिंतीवरूनच पाइप जातोय की. जाता जाता एक नळ काढला तर?"

सासऱ्यांनी कागदाची घडी घातली. बोलल्या सासूबाई. "तुला काय कळतंय त्यातलं? मोठी मान्सं सांगत्यात तर ऐकावं." मी यांच्याकडे पाहिलं. हे पेन्सिलीला टोक करत होते.

नळवाला आला. पानाचा तोबरा भरलेला, दखनी बोलणारा माणूस. त्यालाही मी हळूच विचारून पाहिलं. तो म्हणाला, "मेरे कू क्या भाभी, बड़े मियाँ बोले वैसा करता." मुरमात चर खणून, सुतळी आणि सफेदा लावून त्यानं पाइपाला पाइप जोडत नेला. गल्लीतून आत, मोरीच्या भिंतीला घासून पुढे, मग सगळ्या घराला वळसा घालून थेट ईशान्येच्या कोपऱ्यात. तो कोपरा चढावर होता हे स्वामींनी पाहिलं नव्हतं. आम्हीही कुणी पाहिलं नव्हतं.

वास्तुशांत झाली, जेवणावळी उठल्या. पाहुण्यांनी मोरीचं कौतुक केलं. सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा सगळे ईशान्येला जमलो. नळ खाकरला, खोकला आणि करंगळीएवढी धार सोडून दमला. टाकी उंचावर, तिथवर पाणी चढायचं नावच नाही. म्हणून मग नळाखाली खड्डा खणला आणि नळ जमिनीच्या खाली नेला. तेव्हा थोडी धार लागली. सासरे खूश. ईशान्य खोल असणं फारच चांगलं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

त्या खड्ड्यात उतरायचं मी. घागर भरेपर्यंत वाकून उभं राहायचं, वर चढवायची आणि घराला अख्खा वळसा घालून मोरीत आणून ओतायची. टाकीतून पाणी येईल म्हणून मोरीत बसवलेला चकचकीत पितळी नळ कोरडा ठणठणीत. हे म्हणायचे, "उजनीचं धरण पुरं झालं की बघ, कसं प्रेशर येतंय." धरण पुरं व्हायची वाट माझी कंबर पाहणार होती का? रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. दुपारी मी नुसती भिंतीला टेकून बसायची. पोरांनी हाक मारली तरी ओ द्यायचा कंटाळा यायचा. जुन्या घरात निदान भांडायला माणसं होती.

एकदा सासरे शेतीच्या कामाला मंद्रूपला गेले होते. पहाटे मोरीमागून फस्‌ फस्‌ आवाज आला. जाऊन पाहते तर मोरीच्या भिंतीबाहेरचा जोड सुटलेला आणि पाणी माझ्या डोक्याच्या वर उडत होतं. मी बादली धरली. ती भरली. दुसरी धरली, तीही भरली. मी तिथंच चिखलात बसले. मला हसावं की कुणाला चावावं, कळेना. हे सगळं पाणी रोज मोरीवरून जात होतं, आणि मी ते सगळ्या घराला वळसा घालून परत आणत होते!

हे ऑफिसला गेल्यावर मी नळवाल्याला बोलावलं. तो जोड आवळायला लागला तसं म्हटलं, "आवळू नका. इथंच नळ काढा, भिंतीतून आत." त्यानं पान थुंकलं आणि विचारलं, "बड़े मियाँ?" मी म्हटलं, "ते मी बघते." सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. भिंत फोडल्याचा आवाज त्यांनी ऐकला नसेल असं शक्यच नव्हतं. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतला नवा नळ धो धो वाहायला लागला. मी बंबातलं पाणी काढायला वळले तर सासूबाई लुगडं घेऊन दारात उभ्या. "पैली बादली मला दे," म्हणाल्या. किती वेळ आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. केस मोकळे सोडून त्या उन्हात बसल्या आणि म्हणाल्या, "जा, तू बी न्हा."

मी मोरीचं दार लावलं आणि तेवढ्यात सासरे एस. टी.नं येऊन पोचले. बाहेरचा नवा जोड त्यांच्या नजरेतून सुटणार थोडाच. "हितं नळ कुणी काढाय लावला?"

मी तांब्या हातात धरून आतून दाराला कान लावला.

"म्या," सासूबाई म्हणाल्या. "लगीन झाल्यापासनं पानी वाहतीय म्या. येक नळ काढला तर काय बिगडलं?"

मग सासऱ्यांच्या वहाणा ईशान्येकडे गेलेल्या ऐकू आल्या. त्यांना पूजेचं पाणी हवं होतं. पण इकडे नळ सुरू असला की तिकडे थेंब येत नव्हता. खड्ड्यातून त्यांची हाक आली, "अगं, तो नळ बंद कर म्हनावं!"

मी नळाला हात घातला. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला.

"थांबा की जरा. पोरगी न्हातीया."