फोटोपुरतं फाटकं लुगडं

श्रीगोंद्याकडच्या एका गावात नदीकाठी पडकं देऊळ आहे. ठकूबाई चाळीस वर्षं रोज सकाळी खराटा घेऊन तिथं जाते, वटवाघळांची घाण काढते आणि मुंडकं उडालेल्या मूर्तींनाही हळदकुंकू वाहते.

परवा ती फाटक्या लुगड्यात झाडत असताना पुण्याचा एक फोटोग्राफर आला. "आजी, या खांबापाशी तुमचा फोटो काढू का?"

ठकूबाई हरखली. त्याला थांबवून घरी गेली आणि नातीच्या लग्नात नेसलेलं हिरवं इरकल नेसून, बोरमाळ घालून, ठसठशीत कुंकू लावून परत आली.

त्याचं तोंडच उतरलं. "अहो, मघाचं फाटकं लुगडंच बरं होतं. या पडक्या दगडांत तेच शोभत होतं."

ठकूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "का रं? ते शेन काढायला आन् झाडलोटीला आसतं. तुज्या आईचा फोटो काढताना तिला फाटकं नेसायला सांगशील व्हय?"

खांबाला टेकवून ठेवलेला खराटा बाजूला टाकून ती तिथं ताठ उभी राहिली.

"काढायचा तर आसाच काढ. देऊळ पडलंय, मी न्हाई पडले."