आप्पा आणि ओहोटीचं डबकं

मंचरच्या बाजारात सुकटीचा वास आला की मला अजून वैताग येतो. कॉलेजात असताना मी आप्पांना, माझ्या वडिलांना, अवसरीहून हौसेनं कोकणात नेलं होतं. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांतले जीव दाखवायला एक स्वयंसेवक मुलगी आम्हाला फिरवणार होती. पण आप्पा पहिल्याच डबक्यापाशी बसले, ते उठेचनात. उन्हानं पाणी आटेल म्हणून जेवणाच्या डब्यानं समुद्राचं पाणी आणून त्यात ओतायला लागले.

"काका, संध्याकाळी भरती येणारच आहे हो!" मुलीनं हात जोडले.

"येनारच हाय, असं पाटाचं पानी सोडनारा पाटकरी बी सांगतो. कांदा वाळून गेला आमचा."

बाकीचे पुढं गेले. मी उन्हात डबे भरत, चरफडत राहिलो. आता शेत माझ्याकडं आहे. त्या दिवसासारखाच चरफडतो, पण पाटावर, पाण्याची वाट बघत. त्या संध्याकाळी पहिली लाट डबक्यात शिरली, तेव्हा आप्पा तिच्यावर खेकसले होते,

"आत्ता आलीस व्हय?"